तबकडीविना उरलेला आवाज : फ्लोरेन्स मिल्सच्या रंगमंचीय कारकिर्दीचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात न्यूयॉर्क, लंडन आणि पॅरिस या तिन्ही शहरांतील प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेल्या गायिकांमध्ये फ्लोरेन्स मिल्स (१८९६-१९२७) या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावतीचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. ती वारली तेव्हा हार्लेममधील तिच्या अंत्ययात्रेला जमलेल्या गर्दीचा समकालीन वृत्तपत्रांनी केलेला अंदाज दीड लाखाच्या घरात जातो. असे असूनही आज तिचा आवाज कोणालाही ऐकता येत नाही. तिच्या गाण्याची एकही तबकडी बाजारात आली नाही. १९२४ मध्ये व्हिक्टर कंपनीने तिचे चाचणी-ध्वनिमुद्रण केले होते, परंतु ते कधीही प्रसिद्ध झाले नाही. गायिका म्हणून जिची कीर्ती आहे, तिचे गाणेच उपलब्ध नाही. अशा कलावंताची समीक्षा करावयाची तर ती कोणत्या आधारावर, हा प्रश्न प्रस्तुत लेखाच्या मुळाशी आहे.

बिल एगन यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रग्रंथामुळे मिल्सच्या आयुष्याचा कालक्रम आता बऱ्यापैकी निश्चित झाला आहे. त्यामुळे चरित्राची पुनरुक्ती करण्यापेक्षा तिच्या कलेविषयी जे लिहिले गेले त्याची विश्वासार्हता तपासणे अधिक उपयुक्त ठरेल. माझ्या मते तिच्याविषयीच्या स्तुतीतच तिच्यावरील सर्वांत मोठा अन्याय दडलेला आहे.

'रिव्ह्यू' हा नाट्यप्रकार मराठी वाचकाच्या परिचयाचा नाही, म्हणून त्याविषयी दोन शब्द. यात सलग कथानक नसते. गाणी, नृत्ये, विनोदी प्रवेश आणि नेत्रदीपक देखावे यांची मालिका एका सूत्रात, पुष्कळदा केवळ एका शीर्षकाखाली, गुंफलेली असते. आपल्या संगीत नाटकात पद हे पात्राच्या तोंडी असते आणि त्या पात्राचे सुखदुःख पदाला आधार देते. रिव्ह्यूमधील गायिकेला हा आधार नसतो. पडदा सरकतो, ती येते आणि चार-पाच मिनिटांत तिला स्वतःचे पात्र स्वतःच उभे करून प्रेक्षकांसमोर ठेवावे लागते. नाटककार तिच्या मदतीला येत नाही.

घडण

मिल्सचा जन्म वॉशिंग्टनचा. आईवडील दोघेही व्हर्जिनियातील गुलामीत जन्मलेले. मूळ आडनाव विनफ्री. 'मिल्स' हे रंगमंचाने दिलेले नाव. 'बेबी फ्लोरेन्स' म्हणून ती लहानपणीच स्पर्धांतून आणि खासगी समारंभांतून गाऊ लागली. १९०३ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या सातव्या वर्षी, विल्यम्स आणि वॉकर या गाजलेल्या जोडीच्या 'सन्स ऑफ हॅम' या प्रयोगाच्या दौऱ्यात तिने एक गाणे सादर केले. ते तिला शिकविले होते आयडा ओव्हर्टन वॉकर हिने. आयडा त्या काळातील सर्वश्रेष्ठ कृष्णवर्णीय नर्तकी-गायिका होती. या घटनेचा उल्लेख बहुतेक ठिकाणी गोड बालपणीचा किस्सा म्हणून येतो. वास्तविक ती एका परंपरेची दीक्षा होती. गोऱ्यांनी निर्माण केलेल्या विडंबनचित्रांतून बाहेर पडून कृष्णवर्णीय स्त्री रंगमंचावर डौलाने वावरू शकते, हे आयडाने सिद्ध केले होते आणि तिच्याकडून थेट शिकलेली ही मुलगी होती.

त्यानंतरची अठरा वर्षे मेहनतीची आहेत. ऑलिव्हिया आणि मॉड या बहिणींसमवेत 'मिल्स सिस्टर्स' म्हणून व्होडव्हिलचे दौरे. शिकागोतील पनामा कॅफेमध्ये कोरा ग्रीन आणि पुढे पॅरिसमध्ये नावारूपाला आलेली 'ब्रिकटॉप' एडा स्मिथ यांच्यासह त्रिकूट. मग 'टेनेसी टेन' हा संच. याच संचातील नर्तक युलिसिस थॉम्सन याच्याशी तिचा पुढे विवाह झाला. या काळात ती दिवसाला अनेक खेळ करीत होती, गावोगावच्या दुय्यम नाट्यगृहांत उतरत होती आणि गाणे, नाच व विनोद या तिन्ही अंगांत तयार होत होती. हा तपशील मुद्दाम नोंदविला, कारण पुढे ब्रॉडवेच्या समीक्षकांनी तिच्याविषयी लिहिताना नेमका हाच पुसून टाकला.

'शफल अलाँग' आणि त्यानंतर

२३ मे १९२१ रोजी न्यूयॉर्कच्या त्रेसष्टाव्या रस्त्यावरील सभागृहात 'शफल अलाँग' हा संगीत प्रयोग सुरू झाला. संहिता मिलर आणि लाइल्स यांची, संगीत यूबी ब्लेक याचे आणि गीते नोबल सिसल याची. लेखन, संगीत आणि अभिनय असे सर्व काही कृष्णवर्णीयांचे असलेल्या या प्रयोगाचे सुमारे ५०० खेळ झाले. हार्लेममधील साहित्यिक-कलात्मक जागरणाला या प्रयोगाने चालना दिली, असे कवी लँग्स्टन ह्यूज याने आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. मिल्स यात मूळ संचाबरोबर नव्हती. गर्ट्रूड सॉन्डर्स ही गायिका प्रयोग सोडून गेल्यावर त्याच उन्हाळ्यात तिची जागा मिल्सने घेतली आणि अल्पावधीत तिचे नाव सर्वतोमुखी झाले.

येथे एक विलक्षण योगायोग समीक्षकाच्या मदतीला येतो. सॉन्डर्सने या प्रयोगातील आपले गाजलेले गाणे १९२१ मध्येच ओके कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केले. तेच गाणे नंतर मिल्सच्या वाट्याला आले. सॉन्डर्सची तबकडी ऐकली असता त्या गाण्याची रचना गायिकेकडून काय मागते ते कळते: चढा स्वर, झटक्यात येणारे लयीचे आघात आणि शृंगाराला चिकटलेली थट्टा. सॉन्डर्स हे सर्व जोमाने करते. मिल्सने ते कसे केले, हे तबकडी सांगत नाही. परंतु तेच शब्द, तीच चाल आणि तोच वाद्यवृंद असताना दुसऱ्या गायिकेच्या आगमनाने प्रयोगाला नवे आकर्षण लाभले असेल, तर तो फरक गाण्यात नव्हता, गाणारीत होता. तिच्या कर्तृत्वाचा हा पहिला पुरावा होय. तो अप्रत्यक्ष आहे, पण दुर्बळ नाही.

यानंतर निर्माता ल्यू लेस्ली याने तिला ब्रॉडवेवरील 'प्लँटेशन' या उपाहारगृहाच्या रात्रीच्या कार्यक्रमासाठी नेमले. १९२२ च्या जुलैमध्ये हाच कार्यक्रम 'प्लँटेशन रिव्ह्यू' या नावाने नाट्यगृहात आला. नावातच सर्व काही आहे. दक्षिणेतील मळा, म्हणजे मिल्सच्या आईवडिलांनी ज्या गुलामीत जन्म घेतला तिचेच मनोरंजक रूप, धनिक गोऱ्या गिऱ्हाइकांसाठी देखावा म्हणून मांडलेले. लेस्ली स्वतः गोरा होता आणि मिल्सची कीर्ती ज्या प्रयोगांवर उभी राहिली ते सर्व त्याच चौकटीतले आहेत. 'जंगल नाइट्स इन डिक्सीलँड' यांसारख्या गाण्यांची शीर्षके वाचताना आज संकोच वाटतो, आणि तो वाटलाच पाहिजे. काही अभ्यासकांनी मिल्सला या चौकटीची बळी ठरविले आहे, तर काहींनी तिला चौकट मोडणारी नायिका ठरविले आहे. मला या दोन्ही भूमिका सोयीच्या वाटतात. चौकट तिने मोडली नाही. तिला ती शक्यही नव्हती. चौकटीच्या आत मध्यभागी कोण उभे राहणार, हे मात्र तिने बदलले.

हे विधान स्पष्ट करावयास हवे. १९२१ पर्यंतच्या कृष्णवर्णीय संगीत प्रयोगांचा केंद्रबिंदू दोन पुरुष विनोदी नट असत, आणि तेही चेहऱ्याला काजळी फासलेले. विल्यम्स-वॉकर या जोडीपासून मिलर-लाइल्सपर्यंत हा सांगाडा टिकून होता. 'शफल अलाँग'देखील त्याला अपवाद नाही. २९ ऑक्टोबर १९२४ रोजी ब्रॉडहर्स्ट नाट्यगृहात आलेल्या 'डिक्सी टू ब्रॉडवे' या रिव्ह्यूमध्ये प्रथमच सगळा प्रयोग एका गायिका-नर्तकीभोवती रचला गेला. विनोदी नट उरले, पण कडेला. या प्रयोगाचे अवघे ७७ खेळ झाले. व्यावसायिक यशाच्या फूटपट्टीने मोजणाऱ्या इतिहासकारांनी म्हणून त्याकडे दुर्लक्ष केले असावे. परंतु नाट्यरचनेच्या दृष्टीने 'शफल अलाँग'च्या पाचशे खेळांनी जे केले नाही ते या ७७ खेळांनी केले.

याच संदर्भात फ्लोरेन्झ झिगफेल्ड याच्या निमंत्रणाचा विचार करावा लागतो. त्याच्या 'फॉलीज'मध्ये स्थान मिळणे हा रिव्ह्यू-कलावंताच्या दृष्टीने परमोच्च सन्मान होता. बर्ट विल्यम्सने १९१० पासून तो उपभोगला होता. गोऱ्या संचातील एकमेव कृष्णवर्णीय तारा म्हणून, आणि त्या एकटेपणाची किंमत मोजून. मिल्सने हे निमंत्रण नाकारले व कृष्णवर्णीय संचाबरोबर राहणे पसंत केले. तिची भूमिका अशी होती की, ती एकटी पुढे गेल्याने तिच्या समाजाला जे मिळेल त्यापेक्षा संपूर्ण संचाचा प्रयोग उभा राहिल्याने अधिक मिळेल. हा त्याग होता असे म्हणण्याचा मोह होतो. मला तो व्यवसायाचा अचूक अंदाजही वाटतो. 'फॉलीज'मध्ये ती अनेकांतील एक झाली असती. लेस्लीकडे तिच्याभोवती प्रयोग उभा राहणार होता. कलावंताचा स्वार्थ आणि समाजाचे हित एकाच दिशेने जात असतील तर त्यातील एक झाकून दुसरे दाखविण्याचे चरित्रकाराला कारण नाही.

ब्लॅकबर्डचे गाणे

'डिक्सी टू ब्रॉडवे'मध्ये तिला जे गाणे मिळाले ते तिची ओळख बनले: 'आय अॅम अ लिटल ब्लॅकबर्ड लुकिंग फॉर अ ब्लूबर्ड'. ग्रँट क्लार्क व रॉय टर्क यांची शब्दरचना आणि जॉर्ज मायर व आर्थर जॉन्स्टन यांचे संगीत. एक लहानसा काळा पक्षी सुखाच्या निळ्या पक्ष्याचा शोध घेत आहे, एवढीच त्याची कल्पना. काव्य म्हणून ते सामान्य आहे. त्या काळातील न्यूयॉर्कच्या गीत-बाजारात असली गाणी घाऊक निघत. पण 'काळा' हे विशेषण गोऱ्या प्रेक्षकांसमोर एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या तोंडून आले की पक्षी पक्षी राहत नाही. मिल्सने हे ओळखले आणि या गाण्याला समतेच्या मागणीचे रूप दिले. तिच्या छायाचित्रांपैकी एकात ती फाटक्या विजारीत, खांद्यावरच्या काठीला गाठोडे अडकवून उभी असलेली दिसते. भटक्या मुलाचा हा वेष हास्यास ठरलेला. पण चेहऱ्यावरचे हसू अर्धवट थांबलेले आहे. त्या वेषाने अपेक्षित केलेली थट्टा आणि चेहऱ्याने नाकारलेली थट्टा यांच्यात तिची कला कोठेतरी असली पाहिजे.

येथेच समीक्षेची एक चूक सुरू होते. या गाण्यानंतर जवळपास प्रत्येक लेखकाने तिचा आवाज 'पक्ष्यासारखा' असल्याचे लिहिले. आवाज पक्ष्यासारखा होता म्हणून पक्ष्याचे गाणे तिला शोभले, की पक्ष्याचे गाणे गाजले म्हणून आवाज पक्ष्यासारखा ऐकू येऊ लागला? आपल्याकडेही गोड गळ्याच्या प्रत्येक गायिकेला कोकिळेची उपाधी चिकटविण्याची सवय आहे, आणि ती उपाधी मिळाली की त्या गायिकेच्या स्वरलगावाविषयी कोणी काही सांगत नाही. उपमेने वर्णनाची सुटी होते. समकालीनांच्या लेखनातून उपमा वजा केल्यावर जे उरते ते असे: आवाज लहान होता, उंच पट्टीचा होता, हलका होता, आणि गाणे व नाच यांच्यामध्ये तिने भिंत ठेवली नव्हती.

जेम्स वेल्डन जॉन्सन याने १९३० च्या आपल्या 'ब्लॅक मॅनहॅटन' या ग्रंथात तिचे वर्णन करू पाहिले आहे. तो स्वतः गीतकार होता, रंगभूमीशी त्याचा निकटचा संबंध होता. त्यामुळे त्याच्याकडून नेमकेपणाची अपेक्षा होती. त्याने परी, वनदेवता, ज्योत अशा शब्दांची एक लांबलचक माळ ओवली आणि शेवटी हात टेकून वाचकालाच समजून घेण्यास सांगितले. हा परिच्छेद मिल्सविषयीच्या लेखनात पुनःपुन्हा उद्धृत होतो. मला त्यातील शब्दांपेक्षा ते हात टेकणे महत्त्वाचे वाटते. जॉन्सनने आपली असमर्थता प्रामाणिकपणे मान्य केली. इतरांनी ती 'उत्स्फूर्तता', 'निसर्गदत्त देणगी', 'बालसुलभ आनंद' अशा शब्दांखाली लपविली. हे शब्द वरवर स्तुतीचे आहेत. परंतु वयाच्या सातव्या वर्षापासून शिकलेल्या आणि वीस वर्षे रंगमंचावर घासून-पुसून तयार झालेल्या कलावतीला 'निसर्गदत्त' म्हणणे म्हणजे तिचे शिक्षण नाकारणे होय. गोऱ्या कलावंताकडे तंत्र असते आणि कृष्णवर्णीयाकडे केवळ स्वभाव, हा तत्कालीन समज या स्तुतीत मुरलेला आहे.

या समजाला सर्वांत ठोस उत्तर २४ जानेवारी १९२६ रोजी मिळाले. न्यूयॉर्कच्या इओलियन हॉलमध्ये इंटरनॅशनल कम्पोझर्स गिल्ड या आधुनिक संगीताच्या संस्थेच्या मैफलीत विल्यम ग्रँट स्टिल याची 'लेव्ही लँड' ही रचना सादर झाली. यूजीन गूसन्स याने संचालन केले आणि गायिका होती मिल्स. स्टिल हा एके काळी 'शफल अलाँग'च्या वाद्यवृंदात ओबो वाजवीत असे. नंतर तो एडगार व्हारेझ या प्रयोगशील संगीतकाराचा शिष्य झाला. जॅझच्या वळणांना आधुनिक स्वरसंगतीची जोड देणारी ही रचना त्याने तिच्यासाठीच लिहिली. तिथे वाद्यवृंद गायिकेला मागे टाकून भलत्याच दिशेने जातो आणि आपला सूर आपण धरून ठेवावा लागतो. केवळ मोहक व्यक्तिमत्त्वाच्या बळावर असे गाणे निभावता येत नाही. ज्याने तिला वाद्यवृंदाच्या खड्ड्यातून रात्रीमागून रात्र ऐकले त्या संगीतकाराने तिच्यावर हा भरवसा टाकला, ही गोष्ट शंभर परीक्षणांहून वजनदार आहे.

लंडन

१९२३ मध्ये चार्ल्स कॉक्रन याने हा संच लंडन पॅव्हिलियनला नेला. प्रयोगाचे नाव 'डोव्हर स्ट्रीट टू डिक्सी'. पूर्वार्ध इंग्रज कलावंतांचा, उत्तरार्ध मिल्स आणि तिच्या सहकाऱ्यांचा. ब्रिटिश कलावंत बेकार असताना बाहेरचे कृष्णवर्णीय कशाला, असा विरोध पहिल्या खेळाआधीच सुरू झाला होता. ३१ मे रोजी पडदा उघडला आणि मिल्सच्या गाण्यानंतर विरोधाचा सूर मावळला. १९२६ मध्ये 'ब्लॅकबर्ड्स' घेऊन ती हार्लेमहून पॅरिसला व तेथून सप्टेंबरमध्ये पुन्हा लंडनला आली. या वेळी २७६ खेळ झाले. युवराजांनी प्रयोग अनेकदा पाहिला. थकव्याने प्रकृती ढासळल्यावर तिला काम थांबवावे लागले. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये ती न्यूयॉर्कला परतली, शस्त्रक्रिया झाली आणि १ नोव्हेंबरला तिचा मृत्यू झाला. वय ३१.

ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. १९२० मध्ये मेमी स्मिथच्या तबकडीला मिळालेल्या यशानंतर कंपन्यांना कृष्णवर्णीय गायिका हव्या होत्या, पण त्या ब्लूज गाणाऱ्या. रिव्ह्यूतील हलक्याफुलक्या गाण्यांची गायिका त्या साच्यात बसत नव्हती. शिवाय १९२५ पर्यंत मुद्रण कर्ण्यातून होई आणि कर्ण्याला भरदार आवाज मानवत असे. हे तर्क मला सयुक्तिक वाटतात, तथापि पुरेसे वाटत नाहीत. तिची 'प्लँटेशन'मधील सहगायिका एडिथ विल्सन हिच्या तबकड्या निघाल्या. 'डिक्सी टू ब्रॉडवे'तील दोन गाणी डिसेंबर १९२४ मध्येच क्लॅरन्स विल्यम्सच्या संचाने ध्वनिमुद्रित केली. त्यांत लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे वाजवीत आहेत आणि ब्लॅकबर्डचे गाणे ईव्हा टेलर गाते आहे. १९२६ च्या डिसेंबरमध्ये, विद्युत मुद्रण आल्यानंतर, 'ब्लॅकबर्ड्स'च्या वाद्यवृंदाने लंडनमध्ये कोलंबियासाठी 'सिल्व्हर रोझ'सारखी त्याच प्रयोगातील गाणी वाजविली. ते केवळ वाद्यसंगीत आहे. वाद्यवृंद उपलब्ध, गाणी उपलब्ध, यंत्र उपलब्ध, गायिका त्याच शहरात रोज रात्री गात होती. तबकडी ऐकताना तिने जेथे सूर लावला असता ती जागा मोकळी ऐकू येते.

मृत्यूनंतरचे संगीत

तिच्या मृत्यूवर गीतकारांनी आणि वादकांनी श्रद्धांजलीची गाणी रचली. त्यांत फॅट्स वॉलरही होता. बहुतेकांचे मूल्य भावनिक आहे. दोन रचना मात्र वेगळ्या काढाव्या लागतात. कॉन्स्टंट लॅम्बर्ट या इंग्रज संगीतकाराने १९२३ चा प्रयोग सतराव्या वर्षी पाहिला होता; त्याचा 'एलिजिअॅक ब्लूज' १९२७ चा. ड्यूक एलिंग्टनची 'ब्लॅक ब्यूटी' १९२८ ची. लॅम्बर्टच्या रचनेत शोक आहे, दुरून पाहणाऱ्याचा आणि काहीसा औपचारिक. एलिंग्टन शोक करीतच नाही. त्याची चाल हलक्या पावलांनी चालते, मध्येच थबकते, वळते आणि अपेक्षित जागी न उतरता थोडी पुढे जाऊन उतरते. ही एका नर्तकीची चाल आहे. जॉन्सनची शब्दमाळ जेथे संपली तेथून पुढचे काम एलिंग्टनने केले असे मला वाटते. त्याने मिल्सच्या आवाजाची नक्कल केली नाही. तिच्या गाण्यातील हालचाल टिपली. २३ जानेवारी १९४३ रोजी कार्नेगी हॉलमधील आपल्या पहिल्या मैफलीत त्याने ही रचना पुन्हा वाजविली, ती बर्ट विल्यम्स आणि नर्तक बिल रॉबिन्सन यांच्या संगीतचित्रांच्या शेजारी ठेवून. मिल्सला जाऊन तेव्हा पंधरा वर्षे झाली होती. त्या संध्याकाळचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे.